वर्धा येईपर्यंत

बाई नळ कोपराने बंद करायच्या. हॉस्पिटलातल्या नळांना लांब दांडी असते, तिथे ते शोभायचं. पण त्या पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आल्या तेव्हाही त्यांनी तेच केलं. आमच्या नळाला गोल मूठ होती. ती काही कोपराला दाद देईना. बाईंनी दोनदा जोर लावला, साबणाची बशी सिंकमध्ये पाडली आणि शेवटी मलाच हाक मारली, "अगं, नळ बंद कर माय. माझे हात आता स्वच्छ आहेत."

"म्हणजे आपले घाण," भावजय माझ्या कानात म्हणाली.

ती हळूच बोलली होती, पण बाईंचे कान तिखट. "घाण नाही गं, जगाचे आहेत," त्या म्हणाल्या आणि ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे दोन्ही हात वर धरून माझी वाट बघत उभ्या राहिल्या.

तेव्हा मी अमेरिकेत, फ्रीमाँटला धाकट्या भावाकडे राहायची. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत इंजिनियर. त्याची मुलगी तान्ही असताना तिला सांभाळायला मला आणलं होतं. ती शाळेत जाऊ लागली, मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देऊ लागली, आणि मला दिवस खायला उठू लागला. शिक्षण माझं चौथीपर्यंत. जवळच्या हॉस्पिटलात फरशी पुसायचं काम मिळालं, ते मी आनंदाने घेतलं. भावजय तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सांगायची, "आमच्या वन्सं हॉस्पिटलमध्ये आहेत." लोकांना वाटायचं आजारी आहेत. ते विचारायचे, आता बरं आहे ना? मी मान हलवायची.

माझं काम अतिदक्षता विभागात होतं. काचेच्या खोल्या, यंत्रांचे आवाज, नळ्या लावलेली माणसं. मुळात मी लाजाळू, त्यात इंग्रजी येत नसे, म्हणून खाली बघून काम करायची. माणसं मला बुटांवरून आणि हातांवरून ओळखू यायची. मुख्य नर्सचे हात मोठे आणि तांबूस ठिपक्यांचे होते. सकाळी ती माझ्या खांद्यावर तो हात ठेवून काहीतरी म्हणायची. शब्द समजत नसत, पण हात समजायचा.

बाई तिथे इन्फेक्शन कंट्रोलच्या नर्स होत्या. म्हणजे एका रोग्याचा रोग दुसऱ्याकडे जाऊ नये हे बघायचं, आणि त्यासाठी नर्सना हात धुवायला शिकवायचं. एकदा माझी बादली कलंडली आणि तोंडातून "अगं आई गं" निघालं. मागून आवाज आला, "मराठी का गं तू? अव माय! आणि इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होतीस का?" मी वर पाहिलं. साठीच्या आसपासची काळीसावळी बाई, केस पुरुषांसारखे कापलेले, घड्याळ मनगटावर न बांधता छातीवर उलटं टाचलेलं. हातात बांगडी नाही, बोटात अंगठी नाही. पुढे ओळख वाढल्यावर मी बांगड्यांचं विचारलं, तर म्हणाल्या, "बांगडीखाली अख्खं गाव राहतं. त्यांना मी भाडेकरू म्हणून ठेवत नाही."

त्या नागपूरला नर्स झालेल्या, माहेर वर्ध्याचं. अमेरिकेत येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी बोलणं तिकडचंच राहिलं होतं. त्यात इंग्रजी मिसळायचं, पण डाळीत मोहरी मिसळावी इतकंच.

त्या कुणाशी हात मिळवत नसत. मोठ्यातला मोठा सर्जन पुढे हात करून आला तरी बाई नमस्कार करायच्या. त्याला वाटायचं, काय ही भारतीय संस्कृती! बाई मला म्हणायच्या, "संस्कृती कसली? तो आत्ता कुठून आला ते मी पाहिलंय."

आणि त्यांचे पाठ असलेले बोल. "अंगठा हा घरातला थोरला भाऊ. कामं सगळी तो करतो आणि आंघोळ त्याचीच राहून जाते." खरंच, तेव्हापासून मी बघत आले आहे. माणूस तळहात चोळतो, बोटं चोळतो, आणि अंगठा कोरडा तो कोरडाच. दुसरा बोल असा, "पाहुण्याकडे जाताना पाय धुऊन जातो ना आपण? मग आजाऱ्याच्या अंगावर जाताना हातांना काय धाड भरते?"

पण सगळ्यात नवलाची सवय म्हणजे हात धुताना त्या पुटपुटायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, स्तोत्र म्हणतात. जवळ जाऊन पुसताना ऐकलं, तर ती स्टेशनं होती. नागपूर, अजनी, खापरी, गुमगाव, बुटीबोरी, बोरखेडी, सिंदी, तुळजापूर, सेलू रोड, वर्धा. वर्धा आलं की नळ बंद. नर्सिंग शिकत असताना सुट्टीला पॅसेंजरने घरी जायच्या, तेव्हाची पाठ झालेली. "घड्याळ बघत हात धुतले की माणूस घाई करतो," त्या म्हणाल्या. "गाडी कशी, वर्धा आल्याशिवाय उतरताच येत नाही."

मंडळाच्या गणपतीत त्यांनी एकदा कहर केला. आरती झाली, सगळे प्रसादाला हात पुढे करून उभे राहिले, आणि बाई मोदकांच्या ताटासमोर आडव्या झाल्या. "आधी हात धुऊन या. सगळे."

"अहो बाई, आम्ही डॉक्टर आहोत," एक काका हसत म्हणाले.

"म्हणून तर तुम्ही पहिले."

त्या हॉलमध्ये दोनच सिंक होते. रेशमी कुडते घातलेले मोठमोठे डॉक्टर आणि इंजिनियर शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे राहिले. कुणीतरी मागून ओरडलं, "यार, मोदक थंड होतायत!" बाई शांतपणे म्हणाल्या, "गणपतीला विचारा, त्याला चालतंय का." मोदक सगळ्यांना मिळाले, पण पुढच्या वर्षी मंडळाने कार्यक्रमाची वेळ बाईंना चुकून उशिराची कळवली. त्या तरीही वेळेवर आल्या. मी सांगितलं होतं.

आता मुख्य गोष्ट सांगते. त्या वर्षी हॉस्पिटलने बाईंना अतिदक्षता विभागातल्या सगळ्या नर्सचा हात धुण्याचा वर्ग घ्यायला लावला. पडद्यावर चित्रं, मग भाषण, मग लेखी परीक्षा. वर्गाचा उपयोग झाला की नाही हे बाईंनीच तपासून हॉस्पिटलच्या साहेबांना सांगायचं होतं. उपयोग झाला असेल तर बाईंची जागा राहणार, नाही तर ती बंद करून त्यांना परत वॉर्डात, रात्रपाळीला पाठवणार. हे त्यांनी मला गाडीत सांगितलं. माझी पाळी सुटली की त्याच मला घरी सोडायच्या. त्यांची गाडी लांबलचक होती आणि फ्रीवेवर त्या ती सगळ्यात उजव्या, हळू जाणाऱ्यांच्या पट्टीतून बैलगाडीसारखी चालवायच्या. मागून ट्रकवाला भोंगा वाजवायचा. बाई आरशात बघून म्हणायच्या, "जा बाप्पा, जा. तुला सासुरवाडीला जायचंय, मला नाही."

परीक्षेत सगळ्या नर्स पास झाल्या. नुसत्या पास नाही, उत्तम. शिवाय बाई स्वतः विभागात उभ्या राहून बघायच्या, तेव्हा प्रत्येक नर्स आधी सिंककडे जायची. साहेब खूश झाले. बाई मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेल्या.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्या मला शोधत चादरींच्या खोलीत आल्या. मी पोळीचा तुकडा तोंडात घालत होते.

"हात धुतलेस?"

"वर्ध्यापर्यंत," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. बाजूला बसल्या. "मी उभी असले की सगळ्या धुतात. मी उभी असले तर मांजरसुद्धा दूध सोडेल. त्यातून काय कळतं? मी नसताना काय होतं ते मला पाहिजे." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू कुणाकडे बघत नाहीस ना?"

"नाही."

"म्हणून तुझ्याकडेही कुणी बघत नाही. मला असंच माणूस पाहिजे."

मला ते लागलं थोडं, पण खोटं नव्हतं. त्यांना काय हवंय ते लक्षात आल्यावर मात्र माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. "बाई, त्या पोरी माझ्याशी चांगल्या वागतात. माझ्या वाढदिवसाला त्यांनी केक आणला होता. मी त्यांची चुगली करणार नाही."

"चुगलीला नाव लागतं. मला नाव नकोय. चेहराही नको. तू हातच बघतेस ना? मग नुसते हात बघ. रोग्याला लागायच्या आधी ओले झाले की नाही, एवढंच."

मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. घरी जाऊन भाकरी केली, आणि करताना वाटलं, त्या काचेच्या खोलीत आपला भाऊ असता तर? सकाळी मी हो म्हटलं.

आकडे मांडून ठेवणं मला जमलं नसतं. मी भाचीला खेळायला आणलेले चिंचोके होते, तिने कधी हात न लावलेले. ते मूठभर घेतले. माझ्या झग्याला तीन खिसे होते. पोटावरच्या खिशात चिंचोके. हात धुऊन कुणी रोग्याकडे गेलं तर एक चिंचोका उजव्या खिशात, न धुता गेलं तर डाव्या. बाईंना कल्पना पसंत पडली. फक्त त्यांनी आधी चिंचोके धुवायला लावले.

मी पुसत राहिले. त्या दिवसांत माझ्याइतकी फरशी कुणीच पुसली नसेल. नर्स वाईट नव्हत्या. इकडे यंत्र वाजलं, पळाल्या. तिकडे म्हातारा नळी ओढू लागला, पळाल्या. सिंक होतं दाराच्या मागे, आणि त्याच्यापुढे नेहमी चादरींची गाडी उभी. ठिपक्यांचे मोठे हात तर एका रोग्याची उशी सरळ करून तसेच दुसऱ्याच्या तोंडावरचा घाम पुसायचे. किती मायेने पुसायचे! आणि मी एक चिंचोका डाव्या खिशात टाकायची. तो टाकताना मला चोरी केल्यासारखं वाटायचं.

एके दिवशी बाई स्वतः आल्या. कोपऱ्यातल्या खोलीत एक आजी होती, तिला कुणी भेटायला येत नसे, म्हणून बाई जायच्या. त्यांनी हात धुतले. मी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर निघाले, अजनी, खापरी, गुमगाव, अंगठे, नखं, सगळं, वर्धा. कोपराने नळ बंद. मी उजव्या खिशाकडे हात नेला. आणि खोलीत शिरताना बाईंनी दाराच्या चौकटीला हात लावून तो कपाळाला लावला, मग छातीला. नेहमी करतात तसं, आपण सगळेच देवळात शिरताना करतो तसं. मग तोच हात आजीच्या हातावर ठेवला, जिथे सुई टोचलेली होती तिथे.

ती चौकट मी पुसायची. दिवसभरात तिला कोण कोण हात लावून जातं ते मला माहीत होतं.

चिंचोका माझ्या बोटांत होता. किती वेळ होता कोण जाणे. शेवटी मी तो डाव्या खिशात टाकला.

संध्याकाळी बाईंनी गाडी पार्किंगमध्येच थांबवून ठेवली आणि मांडीवर रुमाल पसरला. मी दोन्ही खिसे त्यावर रिकामे केले, दोन ढीग. मोजायची गरजच नव्हती. तो मोठा डावा ढीग बाईंनी बोटाने थोडा पसरला. मग म्हणाल्या, "म्हणजे पोरी पास आणि मी नापास."

आता नाही सांगितलं तर कधीच नाही, असं मला वाटलं. मी डाव्या ढिगातला एक चिंचोका उचलला. "बाई, हा तुमचा आहे."

"माझा? मी हात धुतले नाहीत?"

"धुतले. मग चौकटीला नमस्कार केला."

त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मला वाटलं, आता रागावतील. मी दाराची मूठ धरून ठेवली होती. तर त्या हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अव माय! इतकी वर्षं! तू पण करतेस ना गं तसं?"

"करते. पण मी कुणाला हात लावत नाही."

हसणं हळूहळू थांबलं. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती एकदाच. त्यांची थोरली बहीण बाळंतपणानंतर तापाने गेली. सुईण अनुभवी होती, देवभोळी होती. घरात शिरताना तिने उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला होता आणि तशीच बाळंतिणीकडे गेली होती. लहान असलेल्या बाई तो नमस्कार दारात उभ्या राहून बघत होत्या. "हेच मी बघितलं होतं," त्या म्हणाल्या, "आणि हेच मी करत आले." मग गाडी सुरू केली. त्या दिवशी ट्रकवाल्यांना त्या काही बोलल्या नाहीत.

साहेबांकडे काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं. साहेब म्हणाले, परीक्षेचे पेपर उत्तम आहेत, तेवढेच वर पाठवू. बाई म्हणाल्या, पोहण्याचा पेपर लिहून कुणी नदीत उडी मारत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग त्याने बरोबरच विचारलं. वर्गाचा उपयोग नाही तर वर्ग घेणारीचा काय उपयोग?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, थर्मामीटरने ताप दाखवला म्हणून त्याला खिडकीबाहेर फेकतात का? मला अजून एक वर्ग द्या. नंतरही चिंचोके डावीकडेच राहिले, तर माझी मी रात्रपाळीला जाते. तो म्हणे, चिंचोके म्हणजे काय? त्याच्या टेबलावर एक ठेवून आले."

दुसऱ्या वर्गाला मी मागे खुर्च्या लावत होते. या खेपेला पडदा नव्हता, चित्रं नव्हती. बाईंनी आधी स्वतःची चौकटीची गोष्ट सांगितली, नमस्कार करून दाखवला. पोरी हसल्या. मग बाईंनी एकेकीचे हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट पाहिले. ठिपक्यांचे हात सांध्यांवर फाटले होते, रक्त दिसत होतं. तिथल्या गुलाबी साबणाने सगळ्यांचीच कातडी गेली होती. बाई मुख्य नर्सचा हात तसाच धरून राहिल्या. काय म्हणाल्या ते मला नंतर गाडीत सांगितलं, मी तुम्हाला धुवायला सांगत होते, आणि धुतल्यावर किती आग होते ते विचारलं नाही.

त्या आठवड्यात प्रत्येकीला लोशनची छोटी बाटली मिळाली. चादरींची गाडी सिंकसमोरून हलवली, ती मीच हलवली. आणि मुख्य नर्सने बाईंना विचारलं, हात धुताना तुम्ही कसली प्रार्थना म्हणता?

"प्रार्थना नाही, रेल्वे आहे," बाई म्हणाल्या.

मग काय! साऱ्या विभागाला ती रेल्वे शिकायची होती. त्या गोऱ्यागोमट्या पोरी सिंकपाशी उभ्या राहून "बुटीबोरी, बुटीबोरी" करत हसायच्या. एकीला बोरखेडी म्हणताच येईना. एक तर वर्धा आलं की भोंगा वाजवायची, तोंडाने. मी आपली खाली बघून पुसायची आणि माझे खांदे हसण्याने हलायचे.

पुन्हा चिंचोके घेतले. या वेळी उजवा खिसा जड झाला, चालताना झगा एका बाजूला ओढायचा इतका. डावा रिकामा झाला नाही. तो कधी होतही नसतो, बाई म्हणाल्या, रिकामा दिसला तर समजायचं बघणारा झोपलाय. त्यांची जागा राहिली. साहेबांनी तो चिंचोका टेबलावर कागद दाबायला ठेवला होता म्हणे. एवढ्याशा चिंचोक्याने कुठला कागद दबणार!

त्यानंतर बाई काचेच्या खोलीशी आल्या की हात पाठीमागे बांधून, चौकटीला नुसती मान लववायच्या. देवाला चालतं, म्हणायच्या.

दोन-तीन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या आणि मुलीकडे प्लेनोला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तुझं सगळं चांगलं आहे. एकच खोड वाईट. तू बोलत नाहीस. मला चौकटीचं सांगितलंस तेव्हा तुला किती हिंमत लागली ते मी पाहिलंय. तेवढी अधूनमधून काढत जा." मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "बघ, परत मान!"

त्याच्या पुढच्या वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. काहीतरी बिघडलं आणि मला आमच्याच विभागात आणून ठेवलं. जी खोली मी पुसायची, तीच. मुख्य नर्स बदलून दुसरीकडे गेली होती, बऱ्याच पोरी नवीन होत्या. मी डोळे मिटून पडले होते. तोंड कोरडं, पोटात टाके, भाऊ घरी गेलेला. कुणीतरी आत येऊन माझी पट्टी बदलणार होतं. भीती वाटत होती.

दारामागे पाणी सुरू झालं. आणि पाण्याच्या आवाजात एक पातळसा अमेरिकन आवाज ऐकू आला. नागपूर. अजनी. खापरी. बुटीबोरी. मी डोळे उघडले. विशीतली एक काळी मुलगी, मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तिने बाईंना नक्कीच पाहिलेलं नव्हतं. तिला कुणी शिकवलं असेल, त्या शिकवणारीला आणखी कुणी. बोरखेडी, सिंदी, तुळजापूर. सेलू रोड. वर्धा. तिने कोपराने नळ बंद केला आणि हसत माझ्याकडे आली.

मी मान हलवणार होते.

"गुमगाव," मी म्हटलं.

ती थबकली. काय म्हणालात, असं तिने विचारलं. मी सगळं इंग्रजी गोळा केलं आणि म्हटलं, "यू फर्गॉट गुमगाव."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. "ओ माय गॉड," म्हणाली आणि मोठ्याने हसली. हसत हसतच मागे फिरली, कोपराने नळ सोडला, आणि पुन्हा नागपूरपासून निघाली. या खेपेला मीही पडल्या पडल्या तिच्याबरोबर म्हणत गेले, वर्धा येईपर्यंत.